चव्वेचाळीस माणसे आणि नाळेवरची झाकणे



मालवाहू जहाजात पाणी शिरू न देणे, हा आजचा विषय. तो मी डर्बीशायर या एकाच जहाजाच्या आधाराने मांडणार आहे, कारण त्याच्याइतका कसून तपास फार थोड्या जहाजांचा झाला आहे.

१९७६ साली इंग्लंडमध्ये बांधलेले हे जहाज २९४ मीटर लांब होते. सप्टेंबर १९८० मध्ये दीड लाख टनांहून जास्त लोहखनिज घेऊन ते कॅनडातून जपानला चालले होते. ओकिनावाच्या परिसरात ‘ऑर्किड’ नावाच्या वादळात ते सापडले आणि बुडाले. मदतीची हाकसुद्धा कोणाला ऐकू आली नाही. जहाजावर ४४ जण होते, त्यांत दोन कर्मचाऱ्यांच्या पत्नीही होत्या. बांधून अवघी चार वर्षे झालेले जहाज असे जाते कसे?

पहिल्या चौकशीने निसर्गाच्या जोरापुढे जहाज टिकले नसावे, असे म्हणून विषय मिटवला. मृतांच्या नातेवाइकांनी तो मिटू दिला नाही. वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पैसा उभा केला आणि १९९४ मध्ये सुमारे चार किलोमीटर खोलीवर अवशेष सापडले. पुढे तिथली लाखाहून जास्त छायाचित्रे काढली गेली. ती पाहून तज्ज्ञांनी म्हटले, की नाळेकडच्या कोठीचे झाकण खलाशांनी नीट आवळले नव्हते. बुडालेल्या माणसांवरच ठपका आला! अखेर २००० साली न्यायमूर्ती कोलमन यांच्या चौकशीने तो पुसून काढला. माझ्या मते, त्या कुटुंबांना मिळालेला हा खरा न्याय.

कोलमन यांनी घटनाक्रम असा मांडला: लाटांच्या माऱ्याने नाळेकडच्या डेकवरचे वायुवीजक आणि हवेचे पाइप मोडले. त्या भोकांतून पाणी पुढच्या कोठ्यांत तासन्‌तास साचत गेले. नाळ खाली बसू लागली, तशा लाटा थेट माल भरण्याच्या पहिल्या खणाच्या लोखंडी झाकणावर कोसळू लागल्या. त्या काळी अशी झाकणे चौरस मीटरला पावणेदोन टन भार धरून बनवत. वादळाचा भार त्याच्या कितीतरी पट होता. झाकण आत दबले आणि खण भरला. मग पुढचे खणही गेले.

लोहखनिज इतके जड, की जहाज वजनाने भरते तरी खणाचा बराच भाग मोकळाच राहतो. तेवढीच जागा पाण्याला मिळते. गोव्याच्या मुरगाव बंदरातून हेच खनिज अशाच जहाजांतून वर्षानुवर्षे जपानला गेले आहे; तेव्हा ही गोष्ट आपल्या किनाऱ्यापासून फार दूरची नाही.

झाकण बंद दिसते, म्हणजे ते पाणी अडवते असे नव्हे. त्याच्या कडेला रबराची पट्टी असते आणि ती खणाच्या काठावरच्या लोखंडी पट्टीवर दाबून बसावी लागते. तपासताना लोखंडी पट्टीला खडू फासतात, झाकण लावून आवळतात आणि परत उघडतात. रबरावर खडूची रेघ सलग उमटली तर ठीक; जिथे तुटली तिथे फट. मग पाण्याचा जोरदार फवारा मारून आतून गळती पाहतात. हल्ली खणात ध्वनिलहरी सोडणारे यंत्र ठेवून बाहेरून कानोसाही घेतात. रबरावर रंग लागला तर ते कडक होते. माल भरताना खनिजाचा एक खडा पट्टीवर राहिला, तरी झाकण तिथे बसत नाही. म्हणून झाकण लावण्याआधी खलाशी झाडू घेऊन सगळा काठ साफ करतात. हवेच्या पाइपांच्या टोप्या आणि वायुवीजकांची झाकणेही एकेक करून पाहावी लागतात.

नंतर नियम बदलले. नव्या जहाजांच्या पुढच्या खणांची झाकणे जास्त मजबूत झाली. २००४ च्या जुलैपासून खनिज, कोळसा, धान्य वाहणाऱ्या जहाजांच्या खणांत आणि नाळेकडच्या कोरड्या कोठ्यांत पाण्याची सूचना देणारी यंत्रे बसवणे आवश्यक झाले. सूचना मिळते, पण पाणी अडवते रबरच. बंदरात माल उतरला की जहाज लगेच हलवण्याची घाई सुरू होते आणि रबर बदलायला लागणारे तास सर्वांत आधी कापले जातात. मालक आणि माल पाठवणारे यांनी ते तास कराराच्या वेळापत्रकातच धरले पाहिजेत, ही माझी मागणी आहे.