गावाने अडवलेली गाडी



राजकारण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निवडणूक उभी राहते. सभा, मिरवणुका, गुलाल, आणि मग पाच वर्षे सामसूम. पण गावाचे किंवा शहराचे खरे राजकारण रोज सकाळी आपल्या दारात चालू असते. नळाला पाणी आले का, दिवा लागला का, आणि घरातला केर गेला कुठे, हे ते राजकारण. यांतल्या शेवटच्या प्रश्नाविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. विषय ऐकून नाक मुरडू नका. या केराने २०१८ साली आमच्या शहराला चांगलाच धडा शिकवला.

आमचे शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर. २०२३ साली हे नाव अधिकृत झाले. ज्या घटनेविषयी मी बोलतो आहे त्या वेळी ते औरंगाबाद होते, आणि त्याही आधी खडकी. मलिक अंबराने १६१० साली हे गाव वसवले, आणि वसवताना पहिली काळजी घेतली ती पाण्याची. उत्तरेकडच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने त्याने गावात आणले. त्या नहरीचे अवशेष आजही पाहायला मिळतात. पाणी कुठून आणायचे याचा विचार या शहराने असा चारशे वर्षांपूर्वी केला. कचरा कुठे न्यायचा याचा विचार मात्र कोणी फारसा केला नाही. तेव्हा त्याची निकडही नसावी. शेणमाती, पालापाचोळा, राख यांपलीकडे त्या काळी कचरा तो काय असणार?

पुढे दिवस बदलले. चिकलठाण्याला कारखाने आले, मग वाळूजला आले. १९८२ साली नगरपालिकेची महापालिका झाली आणि भोवतालची खेडी शहराच्या हद्दीत आली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात गेली. एवढ्या लोकांचा रोजचा कचरा गाड्यांत भरून पूर्वेकडे नारेगाव-मांडकीच्या बाजूला नेऊन ओतायचा, असा शिरस्ता पडला, आणि तो तीस वर्षांहून अधिक काळ चालला. तिथे कचऱ्याचा डोंगर उभा राहिला.

आता आपल्यापैकी जे शेतकरी आहेत ते मनात म्हणतील, उकिरडा तर आमच्याही दारात असतो. खरे आहे. पण गावच्या उकिरड्यात आणि या डोंगरात मोठा फरक आहे. उकिरड्याला धनी असतो. त्यात काय टाकायचे आणि काय नाही, हे घरच्या म्हातारीला नेमके ठाऊक असते. मृगाच्या आधी तो गाडीत भरून शेतात जातो आणि त्याचे सोने होते. शहराच्या ढिगाऱ्याला धनी नव्हता. भाजीचे देठ, शिळे अन्न, प्लॅस्टिकच्या पिशव्या, फुटक्या काचा, दवाखान्यातला टाकाऊ माल, सगळे एकत्र. असा ओला माल दडपून राहिला, त्याला हवा मिळाली नाही, की तो कुजतो पण त्याचे खत होत नाही. त्यातून पेट घेणारा वायू निघतो आणि उन्हाळ्यात ढिगारा धुमसू लागतो. पावसाळ्यात त्यातून काळे पाणी पाझरते, आणि उतार सापडेल तिकडे, ओढ्याला आणि विहिरींना, जाऊन मिळते.

माझ्या वर्गात त्या बाजूच्या एका खेड्यातला विद्यार्थी होता. एकदा नागरिकशास्त्रावर बोलता बोलता मी विचारले, स्थानिक स्वराज्य म्हणजे काय? तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुमच्या घरचा कचरा आमच्या शिवारात येतो, आणि तुमच्या नगरसेवकाला मत द्यायचा हक्क आम्हांला नाही. याला काय म्हणायचं?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. मांडकीला स्वतःची ग्रामपंचायत आहे. महापालिकेच्या निवडणुकीत त्या गावाला मत नाही. ज्याला मत नाही त्याच्या अंगणात आपला केर लोटावा आणि वर त्याला सोय म्हणावे, हे मी वर्षानुवर्षे करीत आलो होतो. त्या मुलाच्या प्रश्नाला माझ्या पुस्तकात उत्तर नव्हते.

उत्तर दिले ते गावकऱ्यांनी. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. पालिकेने मुदत मागितली. त्यांनी ती दिली. मुदत संपली, पण ढीग होता तिथेच होता. तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये ते पुन्हा रस्त्यावर बसले आणि या वेळी उठले नाहीत. आपल्याकडे म्हण आहे, उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. नारेगावच्या माणसांनी त्याच्या अडीचपट वाट पाहिली होती.

पुढचे काही आठवडे शहराने आपला कचरा प्रथमच डोळे उघडून पाहिला. चौकाचौकांत ढीग साचले. शाळेला जाणारी मुले नाकाला रुमाल लावून चालली. मार्च २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली. मग पालिकेने दुसऱ्या जागा शोधायला सुरुवात केली, आणि नेमकी तिथे चूक झाली. ७ मार्चला कचऱ्याच्या गाड्या पश्चिमेकडच्या मिटमिट्याला गेल्या. लोक आडवे आले, दगडफेक झाली, लाठीमार झाला, माणसे जखमी झाली. त्या महिन्यातच पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले आणि पालिकेच्या आयुक्तांची बदली झाली.

दगडफेकीचे समर्थन मी करणार नाही. पण मिटमिट्याच्या माणसाचा मूळ सवाल नारेगावच्या माणसापेक्षा वेगळा नव्हता. पूर्वेचा ढीग उचलून पश्चिमेला टाकला, तर प्रश्न सुटत नाही. फक्त गाडीची दिशा बदलते.

मग प्रश्न सुटायला लागला कसा? ज्या दिवशी शहराने "कचरा कुठे टाकू" हे विचारणे सोडून "कचऱ्याचे काय करू" असे विचारले, त्या दिवसापासून. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा, ही गोष्ट देशाच्या २०१६ च्या नियमांत लिहिलेली होतीच; ती आता गल्लीत आली. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी या ठिकाणी प्रक्रियेची केंद्रे उभारण्याचे ठरले, आणि ती उभी राहायला पुढे वर्षे लागली. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. तीस वर्षांची सवय तीस दिवसांत जात नाही. आमच्याच गल्लीत घंटागाडीची घंटा ऐकूनही पिशवी कोपऱ्यावर भिरकावणारी सुशिक्षित माणसे मी पाहतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली. आधी करोनाची साथ, मग आरक्षणाचा आणि प्रभागांचा वाद, यांत निवडणूक लांबत गेली, ती जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे पावणेसहा वर्षे शहराला नगरसेवकच नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती. गल्लीतले गाऱ्हाणे घेऊन जायला हक्काचे दार उरले नाही. मात्र २०१८ साली नगरसेवक होते, सभागृह होते, तरीही ढीग साचलेच. तेव्हा प्रतिनिधी हवा हे खरे. पण त्याला वर्षभर प्रश्न विचारणारा नागरिकही हवा. एकाविना दुसरा लंगडा.

हे सारे शहराचे झाले, आमचा काय संबंध, असे खेड्यातले श्रोते विचारतील. संबंध आहे. पिशव्या आणि बाटल्या आता प्रत्येक खेड्यात पोचल्या आहेत, आणि गावाच्या कडेला छोटे छोटे नारेगाव तयार होत आहेत. याच शहरालगत पाटोदा नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने घरोघरी ओल्या-सुक्याची सवय लावली, आणि जो पट्टी वेळेवर भरील त्याला दळण फुकट देण्याची सोय केली. कराचा पैसा कुठे गेला, हे तिथल्या बाईला पिठाच्या डब्यात दिसले. म्हणून लोकांनी कर भरला. यात कसली जादू नाही. हिशेब डोळ्यांसमोर असला की माणूस आपला वाटा उचलतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. स्थानिक स्वराज्याचा धडा फळ्यावर शिकवण्याआधी, मुलांना शाळेचा एका दिवसाचा केर तोलायला सांगा. ओला किती, सुका किती, याची वहीत नोंद करू द्या. शाळेमागे एक खड्डा करून ओल्याचे खत करा आणि ते शाळेच्या बागेला घाला. सुक्याचे काय करायचे, हा प्रश्न मुलांच्या हातून लिहवून घेऊन ग्रामसभेत मांडा. ग्रामसभेला त्याचे उत्तर द्यावे लागेल. त्या एका प्रश्नात मुले जेवढे नागरिकशास्त्र शिकतील, तेवढे माझ्या व्याख्यानाने शिकणार नाहीत.

माझा तो विद्यार्थी आता कुठे आहे, मला माहीत नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आज एवढेच सांगेन : आपल्या घरचा केर दुसऱ्याच्या दारात न लोटणे, ही स्वराज्याची पहिली पायरी आहे. ती मी उशिरा चढलो. आपण उशीर करू नये.