हिशेबाची वही

(कासू, जि. रायगड येथे छोटे व्यवसाय करणाऱ्या बायांपुढे केलेले भाषण)



धंदा वाढवायचा विषय निघाला की आपल्यातली एखादी पटकन म्हणते, "मला नाही बाई जमायचं." घरचेही तेच सांगत असतात. पण पेणच्या पोह्याच्या पापडाचं नाव झालं ते कुणाच्या हातांवर? मळणं, लाटणं, उन्हात वाळवणं, राखण करणं, ही कामं बायांनीच केली ना?

ही शंका जन्मजात नसते. आपल्या श्रमाला घरात कुणी किंमत लावत नाही, त्यातून ती येते. शेकडा पापडांचा भाव काढताना आपण पोहे, पापडखार, हिंग, मिरची धरतो. स्वतःची मजुरी धरतो का? ती धरली नाही की हाती काही उरत नाही आणि 'मीच कमी पडले' असं वाटत राहतं. खरं तर भावच कमी लावलेला असतो.

मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित केलं, अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. तारण द्यायला काही नव्हतं, म्हणून बायांनी गट करून एकमेकींची हमी घेतली आणि बँकेचं कर्ज मिळवलं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे लाटणारी बाई संस्थेची मालकीणही असते. यांतली एकही एकटीने धीट झालेली नाही.

म्हणून कुणी "जमणार नाही" म्हणाली, तर तिला नुसतं "हिंमत धर" म्हणू नका. तिच्याजवळ वही घेऊन बसा. माल, मजुरी, विक्री लिहून काढा. व्यापाऱ्याला सांगायचा भाव सगळ्यांनी मिळून ठरवा. उद्यम नोंदणीला पैसे पडत नाहीत, ती स्वतःच्या नावावर करा. आणि कर्ज आपल्या नावावर असेल तर ते कुठे खर्च होतं, हेही आपणच ठरवायचं. हप्ता आपण भरायचा आणि पैसा दुसऱ्याने वापरायचा, याला धंदा वाढणं म्हणत नाहीत.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने महिन्याचा हिशेब लिहून आणावा. लिहिता येत नसेल तिने शेजारणीला सोबत घ्यावं.