चिरा गेला, खड्डा उरला



आपल्या मालवण मुलखात घराच्या भिंती चिऱ्याच्या, परड्याचा गडगा चिऱ्याचा, विहिरीचा काठ चिऱ्याचा आणि तुळशीवृंदावनही चिऱ्याचेच. तेव्हा आम्ही खाणीविरुद्ध बोलायला उभे राहिलो आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये. खाणीवर राबणाऱ्यांच्या संघटनेत आमची उमेद गेली. खाणी बंद करा, हे आमच्या तोंडी शोभणार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, चिरा काढून झाल्यावर जो खड्डा उरतो तो कोणाचा?

चिऱ्याची खाण कशी चालते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सड्यावर वीतभर, कुठे हातभर माती असते. ती प्रथम खरवडून बाजूला लोटतात. मग यंत्राचे पाते फिरते, चिरे सुटतात, गाड्या भरतात. खाली मऊ माती लागली, की तिचा चिरा होत नाही; तेथे खाण संपते आणि मालक पुढच्या तुकड्यावर जातो. मागे राहतो दोन-तीन पुरुष खोल, उभ्या कडांचा चौकोन. मृगात तो भरू लागतो. त्याला ना पायरी, ना उतार. गुरू घसरले किंवा पोर पोहायला उतरले, तर वर येण्यास हाताला धरायला काही नसते. शहरात गटाराचे झाकण उघडे राहिले तर ओरड होते; येथे सड्यावर तळ्याएवढी भोके उघडी आहेत.

सडा म्हणजे पडीक, असे सरकारी कागद म्हणतो. हा शब्द आम्हांला मान्य नाही. पावसाळ्यात त्याच कातळावर निळ्या-जांभळ्या फुलांचा सडा पडतो. दीपकाडी नावाची पांढरी फुलझाडे कोकण-गोव्याच्या या कातळपट्ट्याबाहेर क्वचितच आढळतात. आपल्याच तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर आपल्या पूर्वजांनी कोरलेली चित्रे आहेत. २०२२ साली कोकणातील अशी कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. शिवाय जांभा सच्छिद्र असतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला काही भाग तो पोटात घेतो आणि पायथ्याच्या झऱ्याविहिरींना सावकाश देतो. म्हणून खाणीच्या आराखड्याचे पहिले पान ‘कोठे खणायचे नाही’ हे असले पाहिजे.

आता आराखडा खणण्याआधी का, हे सांगण्यासाठी तुम्हांला गिरणगावात नेतो. येथल्या किती घरांतली माणसे तेथे होती, हे आम्ही सांगायला नको. १९८२ चा संप झाला, गिरण्या मोडकळीस आल्या आणि उरली ती जमीन. १९९१ च्या नियमात ढोबळमानाने तिचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, केवळ मोकळ्या तुकड्याची करायची, असे झाले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार! २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. एका दुरुस्तीने शहराच्या वाट्याची कितीतरी जमीन हातची गेली. धंदा चालू असतो तोवर धनी दारात सापडतो. धंदा बसल्यावर हक्क मागायला गेले, की दाराला कुलूप असते. खाणीचेही तेच आहे.

कायदा अगदीच मुका नाही. लोहखनिजासारख्या मोठ्या खनिजांच्या खाणींना २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी हमीची रक्कम द्यावी लागते. चिरा मात्र गौण खनिज. त्याचा कारभार राज्याच्या महसूल खात्याकडे. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान अशा गौण खाणींनाही पर्यावरणाची मंजुरी घ्यायला लावली. ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की, खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवले पाहिजे, चारा आणि झाडे येतील अशी ती करून दिली पाहिजे, आणि ही अट केंद्र सरकारने खाणपट्ट्यातच घालावी. निर्णय चांगला आहे. पण गवत न्यायालयात उगवत नाही. ते लावायला कोणीतरी वाकले पाहिजे.

मग काय करायचे? आम्ही शास्त्रज्ञ नाही, परंतु शेतकऱ्याला कळेल एवढे सांगता येते. वरची माती पहिल्या दिवशी वेगळी राखायची. तिच्यात गवताचे बी असते, कुजलेला पाला असतो. चुऱ्याखाली गाडली तर ती मेली. उभ्या कडा तोडून पायऱ्या करायच्या. चिऱ्याचा चुरा आणि तुकडे खड्ड्यात परत घालून थर दाबायचे, वर ती राखलेली माती, शेणखत आणि पातेरा. पहिल्या पावसात गवत आणि वाळा लावायचा, म्हणजे माती धरून राहते. नंतर करवंद, मग ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, आणि जेथे माती बरी तेथे काजू व रातांबा. आकेशिया नावाची ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून फोटो काढण्याची खोड मात्र सोडावी. ती झपाट्याने हिरवी होते, हे खरे. पण तिच्याखाली गवत क्वचित येते आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत.

कातळावर झाड येते काय, असे विचारणाऱ्याने देवगडला जावे. सुरुंगाने कातळात खड्डे पाडून, बाहेरची माती भरून तेथे हापूसची कलमे उभी केली ती आपल्याच माणसांनी.

प्रत्येक खड्डा बुजवावा, असेही नाही. एखादा पाण्यासाठी ठेवावा, मात्र त्याला उतार आणि कुंपण पाहिजे. पाणी अडवायचे तर बांध पक्का हवा. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यात कळणे येथील खाणीचा बांध फुटला आणि चिखलाचा लोंढा खालच्या घरांत व शेतांत शिरला. खालच्या माणसाने खाणीचा एक पैसाही खाल्लेला नसतो.

लहान खाणवाला विचारील, ‘जमीन माझी, चिरा विकून मुलीचे लग्न केले, आता भराव कशातून घालू?’ प्रश्न रास्त आहे. एकट्याच्या मानेवर हा धोंडा ठेवू नये. प्रत्येक चिऱ्यामागे थोडी रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात पडावी. चिरा घेणारा ती देईल. घर बांधणाऱ्याला ती जाणवणारही नाही. ते खाते मालक, ग्रामपंचायत आणि कामगार या तिघांच्या सहीने चालावे. कामगार हा शब्द आम्ही मुद्दाम घालतो. आज खाणीवर कर्नाटकातून आलेली कुटुंबे राबतात. त्यांची पोरे त्याच कडेला खेळतात. कडा कोठे कच्ची आहे, हे त्यांच्याएवढे कोणाला ठाऊक नसते.

भरावाचे, गडग्याचे आणि लागवडीचे काम हे मजुरीचे काम आहे. श्रमदान म्हणून ते कोणी आमच्या माथी मारू नये. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी चालू केली, १९७७ साली तिचा कायदा केला, १९९० पासून तिला फळझाडांची जोड दिली. कोकणातल्या कितीतरी काजू-आंब्याच्या बागा त्यातून उठल्या. जुन्या, बेवारशी खड्ड्यांसाठी हाच मार्ग धरता येईल. चालू खाणींचा खर्च मात्र खाणीनेच द्यावा.

राहता राहिली गुरे. नवी लागवड तीन पावसाळे राखावी लागते, आणि ते सरकारला जमणार नाही. वाडीने बसून ठरवले तरच होते.

पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील खड्ड्यांची यादी मागावी: किती, केवढे, कोणाच्या सातबाऱ्यावर, आणि परवान्यात पूर्वपदावर आणण्याची कोणती अट होती. यादी नसेल तर ठराव करून ती तयार करावी. मृगाआधी धोक्याच्या खड्ड्यांना निदान कुंपण पडावे. कोणाला ठरावाचा मसुदा हवा असेल, तर तो आम्ही बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर घेऊन जावा. आता तुमचे प्रश्न घेऊ.