जुन्या आवृत्तीला निरोप देण्यापूर्वी

पेजमेकरवर जुळविलेली अनेक मराठी पुस्तके आजही मुद्रणालयांच्या संगणकांत आहेत. त्याची जागा घेणारे इनडिझाइन पेजमेकरच्या फायली २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपर्यंतच उघडते. पुढील आवृत्त्यांत ही सोय नाही. म्हणून नवी आवृत्ती घेताना हाताशी असलेली जुनी काढून टाकू नये. एकाच संगणकावर दोन्ही स्वतंत्रपणे बसविता येतात. पेजमेकरची फाइल सीएस६ मध्ये उघडावी, वेगळ्या नावाने साठवावी आणि ती प्रत नव्या आवृत्तीत न्यावी. मूळ फाइल तशीच राखावी. तिच्यासोबतचे जुने टंकही जपावेत. ते हरवल्यास मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. मग पुनर्मुद्रणासाठी अक्षरजुळणी नव्याने करण्याचा खर्च येऊ शकतो.