लुटुपुटीची लढाई

मित्रराष्ट्रांच्या लुटुपुटीच्या लढाईला खेळ म्हणावयाचे ते कशाच्या आधारावर? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस’ या जपानी संगणकीय खेळाच्या कथेत हा प्रश्न दडला आहे. फोडलान या कल्पित भूमीवर एक साम्राज्य, एक राज्य आणि एक सरदारसंघ सलोख्याने नांदत असतात. तिघांचे तरुण एकाच विद्यालयात युद्धविद्या शिकतात व दरवर्षी ग्राँडरच्या मैदानावर ‘गरुड-सिंहाची लढाई’ खेळतात. हे नाव मात्र एका खऱ्या युद्धाचे आहे. त्याच युद्धाने ते राज्य साम्राज्यातून फुटून निघाले होते. जुन्या वैराचा असा खेळ झालेला पाहून समाधान वाटते. तेथील कालगणनेच्या ११८० साली लढाई आटोपताच तिन्ही पक्ष मेजवानीला एकत्र बसतात.

पुढे युद्ध पेटते. कथेच्या दोन शाखांत, पाचच वर्षांनी, तेच सहाध्यायी त्याच मैदानावर एकमेकांच्या जिवावर उठतात. मधली टेकडीही पेटवली जाते. मैदान तेच, चेहरेही ओळखीचेच. नाहीशी झालेली असते ती पंगत. लढाईनंतर एकत्र जेवावयाचे आहे, एवढ्या भरवशावरच लढाईचा खेळ होतो. राष्ट्रांनी शस्त्रांआधी जपावयाचा तो हाच भरवसा.