परसबाग आणि पौषाची थंडी



आज शेतावरच्या पिकाविषयी नाही, तर घरामागच्या गुंठा-अर्ध्या गुंठ्याच्या परसाविषयी थोडे बोलायचे आहे. आपल्या घोडेगाव-मंचर भागात कांदा, बटाटा, टोमॅटो पिकवून गाड्या भरून बाजाराला जातात. पण वैशाखात त्याच घरात जेवायला बसले तर ताटात डाळ नाहीतर पिठलं! माणशी रोज सुमारे ३०० ग्रॅम भाजी पोटात जावी असे आहारशास्त्र सांगते. घरात पोटुशी सून असेल, वाढते मूल असेल, तर पालेभाजी चुकवून चालायचे नाही.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, उन्हाळ्यात पाणी कुठाय? खरे आहे. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला तर बायाबापड्यांना हंडा घेऊन लांब जावे लागते. परंतु माझ्या मते निम्मी भाजी पाण्यावाचून जात नाही, ती आपण दिवाळीच्या आसपासचा पंधरवडा वाया घालवतो त्यामुळे जाते. 'दिवाळी होऊ द्या, मग वाफे करू' म्हणता म्हणता मार्गशीर्ष उजाडतो. मग बी गार मातीत नुसते पडून राहते.

म्हणून हस्ताचा पाऊस उघडला, की चित्रा नक्षत्रात, म्हणजे १०-११ ऑक्टोबरनंतर जमीन खणून कुजलेले शेणखत मिसळा. एका गुंठ्याला तीन-चार पाट्या खत काही जास्त नाही. स्वाती संपायच्या आत वाटाणा, लसूण, गाजर, मुळा पेरून व्हावेत. मेथी, पालक, कोथिंबीर एकदम सगळी पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एक लहान वाफा टाका, म्हणजे एक संपतो तोवर दुसरा काढणीला येतो. मेथी महिन्याभरात निघते. अलीकडे पाऊस लांबतो. २०१९ साली तर ऑक्टोबर सरेपर्यंत पडत होता. असे झाले तर वाट बघत बसू नका, गादीवाफे करून त्यावर पेरा. टोमॅटो-वांग्याची रोपे मात्र याच्या आधीच लावलेली असावीत. डिसेंबरात लावलेला टोमॅटो रात्रीच्या गारठ्यात फुले गाळतो आणि फळ धरत नाही.

मांडवावरचा पावटा आषाढात लावलेला असेल, तर त्याची काळजी नको. दिवस लहान झाले की तो आपोआप फुलावर येतो. भोगीच्या भाजीला पावटा, वांगी, गाजर परसातलेच असले, तर त्या दिवशी बाजाराची पिशवी घरीच राहते.

आता थंडीचे. पुण्याला १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. तेवढी थंडी दरसाल पडत नाही, पण पारा १० अंशांच्या खाली गेला की भाजीला ते लगेच कळते. भेंडी-गवार पिवळी पडून बसते, कढीपत्ता पाने टाकतो. उलट मेथी, पालक, वाटाणा, लसूण यांना हीच थंडी मानवते. गार हवा जड असते. ती रात्री पाण्यासारखी उताराने वाहत येऊन सखल जागी साचते. त्यामुळे घोड नदीकाठच्या खोलगट परसात जास्त गारठा, तर वरच्या माळावरच्या घराला कमी. नाजूक रोपे म्हणूनच घराच्या भिंतीलगत, पूर्व-दक्षिणेला लावावीत. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते.

कडाक्याची रात्र येणार असे आभाळावरून ओळखता येते. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळपासूनच हात गारठतात. अशा दिवशी सूर्य मावळायच्या आधी वाफ्यांना हलके पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते व रात्री हळूहळू सोडते. कोरडी, भुसभुशीत माती लवकर निवते. लहान रोपांवर पाचट किंवा गोणपाट घाला, मात्र ऊन आले की ते काढायला विसरू नका. काही जण धूर करतात. घरच्या घरी धुराचा फारसा उपयोग होतो असे मला वाटत नाही, घरच्यांचे डोळे तेवढे चुरचुरतात. पाणी आणि पांघरूण हे खरे उपाय.

ढगाळ हवेत पावट्याच्या शेंड्यावर मावा येतो. ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणाची पूड घालून फवारा. परसात याहून जहाल औषध आणूच नये, कारण तिथली भाजी खुडून थेट चुलीवर जाते.

माघात मेथी जास्त झाली तर ती गुरांपुढे टाकू नका. सावलीत वाळवून डब्यात भरा, चैत्र-वैशाखात उपयोगी पडेल. थंडी ओसरली, फेब्रुवारीचा मध्य आला, की भेंडी, गवार, चवळी पेरा. भेंडीचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून लावले तर उगवण लवकर होते. परभणी क्रांती ही जात केवडा रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही. उन्हाळ्यात वाफे खोलगट करा, पालापाचोळ्याने झाका. माठ, तांदुळजा उन्हातही तग धरतात. न्हाणीचे पाणी अळू, केळी आणि शेवग्याकडे वळवा, साबणाचे पाणी पालेभाजीला नको. पपईच्या बुडाशी पाझरते मडके पुरून ते भरून ठेवले की थेंबही वाया जात नाही. शेवग्याचे एक झाड तर दारात हवेच. शेंगा सरल्या तरी पाला असतो.

पावसाळ्याचे थोडक्यात सांगतो. मृगात दोडका, कारले, भोपळा मांडवावर किंवा छपरावर चढवा. पालेभाज्यांचा हट्ट धरू नका, सडतात. त्या दिवसांत भारंगी, कुरडू, टाकळा रानात फुकट मिळतात. आहुपे-भीमाशंकरकडच्या बायांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

राहिली बियाण्याची गोष्ट. संकरित वाणाचे बी घरी धरू नये. मात्र गावरान पावटा, मेथी, भेंडी यांचे जरूर धरावे. लवकर आलेले, निरोगी झाड निवडून त्याला आताच चिंधी बांधा, म्हणजे चुकून कोणी तोडणार नाही. शेंगा झाडावरच वाळू द्या. बी खडखडीत वाळवून राखेत मिसळा आणि मडक्यात ठेवा. आत भाजीचे नाव व महिना लिहिलेली चिठ्ठी टाका.