आईच्या साड्यांची गोधडी

आज गोधडीबद्दल बोलायचं आहे. दुकानातल्या नव्हे, घरातल्या जुन्या कपड्यांची, कागदावर काही न आखता, सुचेल तशी शिवत नेलेली.

आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात अगदी वरच्या फळीवर एक बॅग असते. तिच्यात आईच्या, सासूबाईंच्या, आजीच्या साड्या असतात. आपण त्या नेसत नाही आणि कुणाला देववतही नाहीत. माझ्याकडे आईच्या पाच सुती साड्या अशाच चार वर्षं पडून होत्या. वर्षातून एकदा बॅग खाली काढायची, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, पुन्हा वर ठेवायची. कात्री लावायची म्हटलं की हात थांबायचा. आईची साडी कापायची कशी?

याचं उत्तर मला अलाबामात मिळालं. तिथं अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. सरकारी दप्तरात तिचं नाव बॉयकिन. इथली बरीच कृष्णवर्णीय कुटुंबं त्याच जमिनीवर गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांची वंशज आहेत. अनेकांचं पेटवे हे आडनावसुद्धा मळ्याच्या गोऱ्या मालकाचं. लाकडी घरांच्या फटींतून वारा शिरायचा, म्हणून बायका हाताला लागेल त्या कापडाच्या गोधड्या शिवायच्या. तिथल्या मिसुरी पेटवे यांचा नवरा वारला. 1942 साली त्यांनी त्याचे शेतात घालायचे कपडे कापले आणि त्यांची एक गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावं, असं आईच्या मनात होतं, हे त्यांची मुलगी आर्लोन्झिया हिनं पुढे सांगितलं. विटलेले निळे-करडे तुकडे, मध्येच पोत्याचं कापड. त्यांनी ते कपडे बॅगेत ठेवले नाहीत. ठेवून चाललंही नसतं, थंडी होती.

याच वस्तीतल्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनीत गेल्या, आणि 2006 मध्ये त्यांतल्या दहांची टपाल तिकिटं निघाली. हे कौतुक छानच. पण मला त्यांची शिवायची रीत जास्त आवडते. ठरलेला नमुना न घेता आपल्या मनानं जुळवलेल्या गोधडीला त्या बायका 'माय वे' म्हणतात. तुकडा कमी पडला तर दुसरा जोडतात, रेघ वाकडी गेली तर जाऊ देतात.

आपल्या आज्या तरी वेगळं काय करत होत्या? जुनी लुगडी आत, वर ठिगळं, आणि कडेपासून आत आत येणारा धावदोरा. कुणी तिला वाकळ म्हणतं, कुणी गोधडी. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका जी कवंदी शिवतात तिची रीत नवशिक्यालाही जमते, म्हणून तीच सांगते.

आधी आतले थर. सहावारी साडी म्हणजे साधारण 216 इंच. तिच्या तीन घड्या घातल्या की 72 इंच लांब आणि 45 इंच रुंद असे तीन थर तयार होतात. सोफ्यावर पांघरायला पुरे. इथली बॅटिंग विकत आणायची गरजच नाही. मात्र खालच्या बाजूला चुणी राहता कामा नये. साडी इस्त्री करा, जमिनीवर ताणून चिकटपट्टीनं बसवा आणि वीतवीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. हे टाळलंत तर मध्यापर्यंत येता येता कापडाचा फुगा होतो. माझा झाला होता. अर्धी गोधडी उसवली.

आता एका कोपऱ्यापासून सुरुवात. तुकड्याची बाहेरची कड आत दुमडा आणि सगळ्या थरांतून धावदोरा घाला. पुढचा तुकडा आधीच्याच्या कच्च्या कडेवर चढवा, त्याची कड दुमडा, पुढे चला. चारी बाजू फिरून झाल्या की आतली फेरी, मग तिच्या आतली. शेवट मध्यभागी. कुठला तुकडा कुठे लावायचा ते त्या त्या वेळी ठरवायचं. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा. दोरा जाड सुती, सुई लांब. जीन्सचे तुकडे कडेला लावू नका, तिथं आधीच थर जास्त होतात आणि बोटं दुखतात.

कापडाचं म्हणाल तर सुतीच घ्या. जुनी रेशमी साडी दिसते धड, पण घडीवर विरलेली असते, टाका घातला की फाटते. जर गालाला टोचते. आणि आपल्या गडद साड्या आधी गार पाण्यात वेगवेगळ्या धुवा. लाल काठानं शेजारचा पांढरा सदरा गुलाबी केला, की मग बोलायला जागा नाही.

कापताना मी पहिली साडी मुद्दाम सर्वांत जुनी घेतली. निऱ्यांचा भाग जमिनीला घासून विरला होता, पदर मात्र शाबूत. पदराशी हळदीचा एक डाग होता. तो तुकडा मी बाजूला काढला. मग वाटलं, बाजूला काढून ठेवणार कुठे, पुन्हा बॅगेतच? तो मधोमध लावला. मुलगा बारा वर्षांचा आहे. त्यानं विचारलं, हा डाग धुतला का नाहीस? मी त्याला सांगितलं, आजी पुरणपोळी करताना हात पदराला पुसायची. हे त्याला आजवर सांगितलंच नव्हतं, कारण विषयच निघाला नव्हता. मग तोही शेजारी बसून ओळ घालू लागला. त्याचे टाके लांब लांब आहेत. मी उसवले नाहीत.

सिद्दी बायका शेवटी चारी कोपऱ्यांवर दुमडलेले छोटे त्रिकोण शिवतात. त्यांना फुलं म्हणतात. त्यांच्याशिवाय गोधडी उघडी दिसते, असं त्या मानतात. माझी तीन झालीत. चौथ्यासाठी मुलाच्या लहानपणीच्या झबल्याचा तुकडा शोधते आहे, तो कुठल्या खोक्यात आहे ते काही आठवत नाही.